एक तालुका, सात वर्षं

पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यावर पहिल्या वर्षी काय करायचं, यावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत आणि बऱ्याचदा ते एकाच घरात जेवतात. एकाचं म्हणणं, विषय लगेच आवळा, कागद हाती घ्या आणि लिहून मोकळे व्हा. दुसऱ्याचं म्हणणं, मोकळंच व्हायचं होतं तर यात पडलात कशाला? हे दोन्ही मी इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की एकदा त्यांना समोरासमोर बसवावं असं वाटलं. खालच्या मावशी-भाची मी रचलेल्या आहेत, त्यांची म्हणणी रचलेली नाहीत. मावशी इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका, मूळच्या आटपाडीकडच्या, नोकरी सगळी पुण्यात झाली. भाचीला नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली आणि यंदा पुण्यातच इतिहासात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. विषय दुष्काळाचा. वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं, की इथे घाई मावशीला आहे, भाचीला नाही.

भाची : टायटल तूर्तास असं आहे, ‘महाराष्ट्रातील दुष्काळ आणि ग्रामीण समाज : एक ऐतिहासिक अभ्यास’.

मावशी : यात न बसणारा एखादा दुष्काळ सांग बघू मला. दुर्गादेवीच्या दुष्काळापासून ते २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं तिथपर्यंत सगळं आलं. हे लिहायला तुला दोन जन्म लागतील आणि तिसऱ्यात व्हायवा होईल.

भाची : अगं, पुढे कमी करता येईल की. आत्तापासून कुंपण कशाला घालायचं? वर्षभर मला नुसतं वाचायचंय. जयकर ग्रंथालयात बसायचं, गोखले इन्स्टिट्यूटमध्ये जायचं, जे सापडेल ते उघडून बघायचं. एकदा नोकरीला लागले की असं वर्ष कोण देणार आहे मला?

मावशी : असं वाचता वाचता पन्नाशीला पोचलेली माणसं मी पाहिली आहेत. हुशार होती सगळी, माझ्याहून जास्त वाचलेली. कॅन्टीनमध्ये त्यांच्याइतकं चांगलं कोणी बोलत नसे. प्रबंध मात्र एकाचाही झाला नाही.

भाची : आणि ज्यांचे झाले, त्यांनी काय लिहिलं ते पण पाहिलंयस ना तू?

मावशी : त्यावर येऊ. आधी हिशेब बघ. यूजीसीचे २०२२ चे नियम आहेत. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, फेरनोंदणी करून वर दोन. सुरुवातीचा काळ कोर्सवर्कमध्ये जातो, १२ ते १६ क्रेडिट. मग सिनॉप्सिस, मग समितीपुढे सादरीकरण, मग त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या, त्यात दोन सरांची आपसात जुनी भांडणं असतील तर आणखी एक फेरी. शेवटचं वर्ष टाइपिंग, प्लेजरिझमचा रिपोर्ट आणि सह्या. मधे खरं काम करायला तीन वर्षं उरली तर नशीब.

भाची : बायकांना दोन वर्षं जास्त मिळतात. शिवाय बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा.

मावशी : ती धरून चालू नकोस.

भाची : आई म्हणते, ती दोन वर्षं सरकारने लग्नासाठीच दिली आहेत.

मावशी : ताईचं सोड. मी काय म्हणते ते ऐक. प्रबंध हा परवाना आहे. इथून पुढे स्वतःच्या जबाबदारीवर संशोधन करायला ही व्यक्ती लायक आहे, असं तीन परीक्षकांनी लिहून दिलेलं. तुझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पुस्तक तू तिशीच्या आत लिहिलंच पाहिजेस असं कोणी सांगितलंय? पहिलं लिही. चांगलं नंतर लिही.

भाची : याच विचाराने शोधगंगेवर ढीग पडलाय, मावशी. जिल्हा बदलायचा आणि ‘एक चिकित्सक अभ्यास’ लिहायचं. पहिलं प्रकरण जिल्ह्याची भौगोलिक पार्श्वभूमी, पर्जन्यमान, नद्या, तालुक्यांचा तक्ता. दुसरं ऐतिहासिक पार्श्वभूमी, सातवाहनांपासून. निम्मा प्रबंध संपतो तरी विषय सुरू होत नाही. ती माणसंसुद्धा लवकर मोकळी झाली असतील. मला तसलं मोकळं व्हायचं नाही.

मावशी : ते प्रबंध घाईमुळे वाईट झाले असं तुला वाटतं? त्यांच्याकडे प्रश्नच नव्हता. ज्याच्याकडे प्रश्न नाही त्याला दहा वर्षं दिली तरी तो पर्जन्यमानच लिहिणार. कारण पर्जन्यमान मिळतं, कुठेही मिळतं.

इथे मला मधे बोलायला हवं. शोधगंगा म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेलं, देशभरातल्या प्रबंधांचं खुलं भांडार. नव्या संशोधकाने पहिल्याच महिन्यात तिथे जाऊन आपल्या विषयावरचे पाच प्रबंध पूर्ण वाचावेत. चांगले मिळाले तर शिकायला मिळतं. वाईट मिळाले तर धीर येतो, आणि हा दुसरा फायदा कमी लेखू नये.

मावशी : आता सांग, तुला नेमकं काय विचारायचंय? टायटल बाजूला ठेव.

भाची : १९७२ मध्ये बायका एवढ्या संख्येने कामावर कशा आल्या? मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. खडी फोडायला, पाझर तलावावर, नालाबंडिंगवर. त्यात बायका प्रचंड होत्या. ज्या घरातल्या बायका कधी दुसऱ्याच्या शेतावरही गेल्या नव्हत्या, त्यासुद्धा गेल्या. पुढे रोजगार हमी आली तेव्हाही त्या येत राहिल्या. घरात त्याने काय बदललं? पैसे कोणाच्या हातात आले? मला हे विचारायचंय.

मावशी : हा प्रश्न आहे. हा तुझ्या टायटलमध्ये कुठे दिसत नव्हता. कुमुदिनी दांडेकरांचं पुस्तक वाचलंस?

भाची : रोजगार हमी आणि बायकांवरचं? १९८३ चं? चाळलंय.

मावशी : मग तुझं वाचनाचं वर्ष दोन महिन्यांवर आणू. ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत वाच आणि कागदावर लिही, की दांडेकरांनी काय विचारलं आणि काय विचारलं नाही. योजना चालू असताना कामावरच्या बायकांची त्यांनी पाहणी केली. अर्धं शतक उलटल्यावर त्याच बायका ते काम कसं सांगतात, हे त्यांना विचारता येणं शक्यच नव्हतं. तुला येतं. ही तुझी जागा. पूर्वसूरींचा आढावा म्हणजे पन्नास पुस्तकांची नावं ओळीने लिहिणं नव्हे, एवढी जागा सापडली की आढावा झाला.

भाची : पण ती जागा सापडायलासुद्धा इकडचं तिकडचं वाचावंच लागतं ना? मला हा प्रश्न सुचला तो दुष्काळावरचं वाचताना नाही सुचला. स्थलांतरावरचं काहीतरी वाचत होते, तेव्हा सुचला.

मावशी : मान्य. तसं वाचायला मी बंदी करत नाही. पण ते रात्री करायचं. दिवसा कागद.

भाची : कुठले कागद?

मावशी : हेच तर तुला कोर्सवर्कमध्ये शिकवणार नाहीत. प्राथमिक साधनं आणि दुय्यम साधनं यांच्या व्याख्या लिहून घेतील. पण तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये कोणाला भेटायचं, हे कोणी सांगणार नाही. तुझी सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे मस्टर. हजेरीपट. कोण बाई, कुठल्या गावची, किती दिवस आली, किती मजुरी पडली, अंगठा की सही. ते मस्टर आज आहेत का?

भाची : असतील ना.

मावशी : असतील म्हणू नकोस. सरकारी कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग लावलेले असतात. अ वर्गाचे कायम ठेवायचे, खालच्या वर्गांचे मुदत संपली की नष्ट करायचे. पन्नास वर्षांपूर्वीचं मस्टर कुठल्या वर्गात टाकलं होतं, आणि नियमाप्रमाणे जाळलं की कोणाच्या आळसामुळे वाचलं, हे त्या खोलीत शिरल्याशिवाय कळत नाही. आळसाने इतिहासाचं फार भलं केलंय. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घे, महिन्याभरात तिथे जाऊन ये. सिनॉप्सिस लिहायच्या आधी.

भाची : आणि नसलीच तर?

मावशी : तर तुझा प्रबंध बदलतो. तो पहिल्या वर्षी बदलू दे, चौथ्या वर्षी नको. मग विधिमंडळातल्या चर्चा आहेत, वर्तमानपत्रं आहेत, जिल्हा परिषदेचे अहवाल असतील. त्यांतून वेगळा प्रश्न निघेल. सिनॉप्सिसमध्ये सगळे लिहितात, ‘सदर संशोधनासाठी मूळ कागदपत्रांचा आधार घेतला जाईल’. मी समितीवर होते तेव्हा विचारायचे, पाहिलेत का? दहातले आठ जण छताकडे बघायचे.

भाची : बरं, आता माझं ऐक. तू कागद कागद करतेस. कागद पन्नास वर्षं राहिला असेल तर आणखी दोन वर्षं राहील. तेव्हा पंचविशीत असलेली बाई आज ऐंशीच्या घरात आहे. मी कोर्सवर्क करणार, सिनॉप्सिस मंजूर करून घेणार, मग गाईडच्या परवानगीने ‘फील्डवर्क’ला जाणार. तोवर गावात सांगतील, मागच्या पावसाळ्यात गेल्या. तुझ्या क्रमाने काम केलं तर वेळेत प्रबंध होईल, पण ज्यांच्याबद्दल तो आहे त्या त्यात नसतील.

मावशी : तयारी न करता गेलीस तर त्या असूनही उपयोग नाही. एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा तशीच सांगत नाहीत माणसं. पहिली मुलाखत वाया घालवलीस की संपलं.

भाची : वाया का जाईल? मोबाइलवर रेकॉर्ड करीन.

मावशी : विचारशील काय? मला विचार. मीही होते तिथे.

भाची : तू?

मावशी : बारा वर्षांची होते. आई पाझर तलावावर होती, आम्ही पोरं तिथेच. विचार.

भाची : काय आठवतं?

मावशी : सुकडी, कामावर खायला मिळायची ती. मिलो ज्वारीची भाकरी, लालसर, घशाखाली उतरायची नाही ती. एक मुकादम होता, त्याची छत्री. झालं. मजुरी किती होती, आठवत नाही. आई किती दिवस गेली, आठवत नाही. मला वाटतं आम्ही दोन वर्षं गेलो, पण ते चार महिनेही असतील. मजुरी मस्टरवर असते, छत्री नसते. आता मी पुढ्यात बसलेय तर मला काय विचारायचं, हे तुला मस्टर पाहिल्यावर सुचेल. आधी सुचणार नाही. म्हणून म्हणते, कागद आधी.

भाची : आणि मला वाटतं, तू मुकादमाची छत्री सांगितलीस म्हणून मी मस्टरवर मुकादमाचं नाव शोधीन. नाहीतर मजुरीची बेरीज करून परत आले असते.

यावर मावशी काही बोलत नाहीत आणि मलाही त्यांच्या तोंडी उत्तर घालावंसं वाटत नाही. इतिहासाच्या अभ्यासकांमध्ये हा वाद जुना आहे. माझं मत भाचीकडे झुकतं. कागद आणि माणूस यांच्यात क्रम लावायची वेळ आली तर ज्याचं आयुष्य कमी उरलं आहे त्याच्याकडे आधी जावं. मात्र मावशींनी पुढे जी अडचण काढली ती कागद न बघता सुचली नसती, हेही खरं.

मावशी : आणखी एक ऐक. रोजगार हमीची कल्पना वि. स. पाग्यांची. विधान परिषदेचे सभापती होते ते. तासगाव तालुक्यात विसापूरला १९६५ मध्ये त्यांनी पहिला प्रयोग केला. राज्यभर योजना जाहीर झाली १ मे १९७२ ला, कायदा झाला १९७७ मध्ये आणि लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. बरोबर?

भाची : बरोबर.

मावशी : पण १९७२-७३ ला जी लाखो माणसं कामावर होती ती मुख्यतः दुष्काळी कामांवर. टंचाईची कामं वेगळ्या खात्याने, वेगळ्या नियमांनी चालायची. दुष्काळामुळे हमीची योजनाच मागे पडली आणि दुष्काळ सरल्यावर तिने जोर धरला. आता तुझी ऐंशी वर्षांची बाई काय सांगेल? तिला सगळं एकच. तीच टोपली, तेच खोरं. सरकारी कागदात मात्र एक आहे मदत आणि दुसरा आहे हक्क. पहिलं सरकारच्या मर्जीवर, दुसरं मागितलं की द्यावंच लागतं. बाईच्या लेखी मदतीचा हक्क कधी झाला? झाला का? तिला कोणी सांगितलं का?

भाची : मावशी, हाच विषय आहे.

मावशी : मग एवढाच घे. एक तालुका. १९७२ ते १९७९. सात वर्षं. आटपाडी घे किंवा तासगाव घे. माझं ऐकशील तर तासगाव, कारण विसापूर तिथे आहे आणि आटपाडीत तुझे नातेवाईक फार. प्रत्येक घरी चहा घ्यावा लागेल आणि कोणाचं वाईट लिहिता येणार नाही.

भाची : तासगाव. पण मग मराठवाडा? तिकडच्या बायका?

मावशी : त्यांच्यावर दुसरी कोणी लिहील. किंवा तूच लिहिशील, डॉक्टर झाल्यावर.

टायटल असं आवळलं गेलं. प्रत्यक्षात याला कित्येकांचं वर्ष जातं आणि ते गेलं तरी वाईट वाटून घेऊ नये, कारण निम्मा प्रबंध या आवळण्यातच असतो. पण वर्ष जाणं परवडणारी माणसं कोण, यावर दोघींची खरी चकमक झाली.

भाची : मला जेआरएफ आहे. दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ झाल्यावर ४२,०००, शिवाय घरभाडं. उशिरा का होईना, येईल. माझ्याबरोबर प्रवेश घेतलेल्या मुलीला राज्याच्या संस्थेची फेलोशिप आहे. तिची रक्कम थकली आहे. ती तासिका तत्त्वावर एका कॉलेजात शिकवते, तेही पैसे सहा महिन्यांनी मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी मुलंमुली किती वेळा उपोषणाला बसली, तुला माहीत आहे. ती मुलगी रेकॉर्ड रूमला जाणार कधी आणि तुझे तक्ते वाचणार कधी?

मावशी : म्हणूनच म्हणते, लवकर संपवा. भटकत वाचायची चैन ज्याच्या घरी मागे कोणीतरी आहे त्याला.

भाची : म्हणजे गरिबाने छोटा विषय घ्यायचा आणि घरचं बरं असलेल्याने मोठा? मग मोठे विषय कायम त्यांच्याकडेच राहणार. आणि वर सभागृहात विचारणार, पीएच.डी. करून काय दिवे लावणार. डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं होतंच.

मावशी : मी छोटा म्हणत नाही, बांधलेला म्हणते. बाबासाहेबांचं बघ. बडोद्याची शिष्यवृत्ती १९१७ मध्ये संपली आणि लंडनचं काम अर्ध्यात टाकून परत यावं लागलं. १९२० मध्ये पुन्हा गेले, स्वतः पैसे जमवून. विषय काय घेतला? रुपया. एका नाण्याचा प्रश्न. परीक्षकांनी प्रबंध फेरबदलासाठी परत पाठवला, त्यांनी तो सुधारून दिला आणि १९२३ मध्ये डी.एस्‌सी. मिळवली. ज्याच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही मोजून होते त्या माणसाने विषय बांधूनच घेतला. म्हणून तो काय लहान झाला?

भाची : विषय बांधून घेतला, वाचन नाही बांधलं. कोलंबियात अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, मिळेल त्या वर्गात बसले ते. रुपयावरचं पुस्तक एवढं तगडं झालं ते त्या भटकण्यामुळेही असेल. आणि कोलंबियाची पीएच.डी. अधिकृतपणे हातात पडायला १९२७ उजाडलं. तू त्यांची गाईड असतीस तर रोज विचारलं असतंस, झालं का?

मावशी : विचारलं असतंच.

भाची : बघ.

मावशी : बघ काय? विचारणारं कोणीतरी लागतं.

गाईडचा विषय निघाला की पुण्यात प्रत्येकाकडे एक दंतकथा असते. दोघींनी तो थोडक्यात उरकला, मीही तेच करतो.

भाची : समजा मी जे काढलं ते सरांच्या मताच्या उलट निघालं तर?

मावशी : इरावतीबाई कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशरकडे होत्या. वंशश्रेष्ठत्व मानणारा माणूस. कवटीच्या दोन बाजूंमधल्या असममितीचा वंशाशी संबंध असतो, असं त्याचं गृहीतक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं, तसा संबंध दिसत नाही. १९३० च्या आसपासची गोष्ट, परदेशात, एकटी बाई. पदवी मिळाली. तुझे सर फिशर नाहीत. मोजमाप चोख ठेव, भाषा मऊ ठेव.

भाची : आणि सर भेटलेच नाहीत तर? मी पाहिलंय, तीन तीन महिने भेट नाही.

मावशी : प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार विद्यार्थी घ्यायची परवानगी असते. आठ विद्यार्थी, वर्ग, नॅकची कामं. तुझी आठवण त्यांनी ठेवायची की तुझी तू करून द्यायची? दर पंधरा दिवसांनी एक पान लिहून दे. काय पाहिलं, काय सापडलं, काय अडलं. भेट झाली नाही तरी पान द्यायचं. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती सांगावी लागते, तेव्हा ही पानं काढायची. सरांची बदली झाली, सर निवृत्त झाले, तरी पानं तुझी. आणि भाजी आणायला, गाडी पुसायला, मुलीच्या लग्नात पंगत वाढायला बोलावलं तर?

भाची : जायचं नाही.

मावशी : लग्नाला जा. पंगत वाढू नकोस.

भाची : पेपर छापायचा का? सगळे पहिल्या महिन्यापासून पेपर पेपर करतायत.

मावशी : २०२२ च्या नियमांत प्रबंध देण्याआधी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीने काढली. तुझ्या विद्यापीठाची वेगळी अट असेल तर ती लेखी बघून घे. पैसे मागणाऱ्या आणि आठ दिवसांत ‘स्वीकृत’ म्हणून ईमेल पाठवणाऱ्या मासिकाला एक रुपया देऊ नकोस. यूजीसीची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता कुठलं मासिक चांगलं हे तुझं तुलाच कळायला हवं. ते कळण्याचा मार्ग म्हणजे तळटिपा. तुला आवडलेल्या पुस्तकाच्या तळटिपांत ज्या मासिकांची नावं येतात, तिथे पाठव.

भाची : मावशी, शेवटचं विचारते. जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरला पीएच.डी. सक्तीची नाही, नेट-सेट पुरते. माझी नेट झाली आहे. तू एवढी हिशेबी, मग तू मला कर कशाला म्हणतेस? थेट अर्ज करू दे की.

मावशी : असिस्टंटच्या पुढे जायला लागते ती. पण नोकरीसाठी करत असशील तर मी म्हणेन, नको करूस. जागा भरत नाहीत. पीएच.डी. असलेली माणसं तासिकेवर चाळिशी ओलांडतायत. नोकरीच्या आशेवर ही सहा वर्षं काढणाऱ्याची फसवणूक होते आणि ती आम्ही केली. आमच्या पिढीने. ‘कर, पुढे बघू’ असं म्हणत विद्यार्थी घेतले.

भाची : मग परवाना कशाचा? मघाशी म्हणालीस परवाना.

मावशी : तहसील कचेरीतल्या कारकुनाने तुला का आत घ्यावं? त्या बाईने तुझ्यापुढे का बोलावं? विद्यापीठाचं पत्र असतं म्हणून दार उघडतं. दार उघडलं की कसं वाचायचं, कुठे शंका घ्यायची, हे एकदा कोणाच्या तरी नजरेखाली शिकावं लागतं. इतिहासाचार्य राजवाड्यांना पीएच.डी. नव्हती, दामोदर कोसंबींनाही नव्हती, हे मला माहीत आहे. तू राजवाडे असशील तर माझा सगळा सल्ला फेकून दे. नसशील तर तासगावला जा.

भाची : जाते. पण आधी बायकांकडे जाणार, मग रेकॉर्ड रूममध्ये.

मावशी : एकाच फेरीत दोन्ही कर. सकाळी कचेरी, संध्याकाळी बाया. दुपारी त्या झोपतात.

माझा निकाल असा. वेळेच्या बाबतीत मावशींचं ऐकावं, माणसांच्या बाबतीत भाचीचं. पैशाच्या बाबतीत दोघींपैकी कोणाचंच पुरेसं नाही, कारण फेलोशिप दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जमा करणं हे संशोधकाच्या हातातलं काम नाही आणि ते होत नाही तोवर कोणी कोणाला रुंद वाचायचा किंवा झटपट संपवायचा उपदेश करू नये. ज्यांना यंदा प्रवेश मिळाला आहे त्यांनी या आठवड्यात एक पत्र लिहून विभागप्रमुखांची सही घ्यावी आणि आपले कागद किंवा आपली माणसं जिथे आहेत तिथे जाऊन यावं. विषय मंजूर व्हायची वाट बघू नये. नियमातली सहा वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात, विषय मंजूर झाल्याच्या तारखेपासून नाही.